सातव्यातलं, आठव्यातलं आणि फुप्फुसातला पातळ थर

मंडळाच्या मागच्या बैठकीत एकीने विचारलं, "सर, तुमच्या विषयातलं काही मराठीत सांगता येतं का हो?" मी 'येतं की' म्हणून मोकळा झालो, आणि संपादकांनी ते लगेच वहीत टिपून घेतलं. म्हणून हा लेख. विषय घेतलाय तो मऊ पदार्थांच्या आणि जैविक पदार्थांच्या हलत्या आंतरपृष्ठांचा. नाव ऐकून पान उलटू नका. गोष्ट घरातली आहे.

माझ्या आधी आमच्या आईला एक मुलगा झाला होता. आठव्या महिन्यात. साल १९७४. जन्मला तेव्हा रडला, रंगही बरा होता. मग दोन-तीन तासांनी कण्हल्यासारखा आवाज काढत श्वास घ्यायला लागला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडायचा. दुसऱ्या रात्री गेला. आईकडची आजी खानापूरची. ती म्हणाली, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. तुझ्या हातात काही नव्हतं बाई." धीर द्यायलाच म्हणाली असेल, पण आईच्या मनात उलटंच बसलं. कळा आल्यावर तिने दोन आठवडे पडून काढले होते, बाळंतपण लांबवलं होतं. 'तेव्हाच होऊ दिला असता तर सातव्यातला ठरला असता,' असं ती पुढे कित्येक वर्षं म्हणायची.

ही समजूत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल. ती चूक आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूनेच असतो. असं का, हे समजायला मात्र आधी पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघावं लागतं.

पाण्याच्या आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी ओढत असतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरून ओढणारं कोणी नाही. त्यामुळे पृष्ठभाग आक्रसू पाहतो, ताणलेल्या रबरासारखा वागतो. हा पृष्ठताण. एक मीटर लांबीच्या रेषेवर किती ओढ पडते, असं तो मोजतात. शरीराच्या तापमानाला शुद्ध पाण्यासाठी हा आकडा ७० मिलिन्यूटनच्या आसपास येतो. पुढे नुसतं '७०' म्हटलं की हेच समजा. आणि दोन पदार्थ जिथे एकमेकांना भेटतात, पाणी आणि हवा, तेल आणि पाणी, ती सीमा म्हणजे आंतरपृष्ठ.

आता फुप्फुस. त्यात वायुकोश असतात, द्राक्षांच्या घडासारखे, पण एकेक कोश मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. मोठ्या माणसात ते तीस कोटींहून जास्त. सगळे उलगडून पसरले तर सत्तरेक चौरस मीटर, म्हणजे आपल्या मैदानावरचं बॅडमिंटनचं कोर्ट जवळपास झाकलं जाईल. प्रत्येक कोशाला आतून पाण्याचं अगदी पातळ अस्तर असतं. म्हणजे आपल्या छातीत एवढं मोठं पाणी आणि हवेचं आंतरपृष्ठ आहे, आणि मिनिटाला बारा-पंधरा वेळा ते ताणलं जातं, आवळलं जातं. झोपेतसुद्धा.

गोल पृष्ठभाग आक्रसायला बघतो तेव्हा आतल्या हवेवर दाब पडतो. पृष्ठताणाची दुप्पट करायची आणि त्रिज्येने भागायचं की तो दाब मिळतो. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो, अकरावीच्या पुस्तकात आहे. वायुकोशाची त्रिज्या ०.१ मिलिमीटर आणि पृष्ठताण शुद्ध पाण्याचा धरला, तर उत्तर येतं १४०० पास्कल. म्हणजे १४ सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब. शांत श्वास घेताना छातीतला दाब दोन-तीन सेंटीमीटरनेच बदलतो. म्हणजे आत नुसतं पाणी असतं तर आपल्याला प्रत्येक श्वास कुस्ती खेळल्यासारखा घ्यावा लागला असता.

खरी अडचण यापुढे आहे. त्रिज्या भागाकारात आहे ना! कोश अर्धा झाला की दाब दुप्पट. श्वास सोडताना कोश लहान होतो, लहान झाला की आतला दाब वाढतो, त्या दाबाने आणखी हवा बाहेर जाते, तो आणखी लहान होतो. शेवटी मिटतो. शेजारचा मोठा कोश ती हवा खाऊन आणखी मोठा. (प्रत्यक्षात वायुकोश सुटे फुगे नसतात, त्यांच्या भिंती सामायिक असतात आणि एकमेकांना ओढून धरतात. पण त्याने मूळ संकट टळत नाही.)

या पृष्ठताणाचा श्वासाशी संबंध असल्याचं प्रथम दाखवलं कुर्त फॉन नीरगार्ड यांनी, १९२९ मध्ये, स्वित्झर्लंडला. त्यांनी डुकराचं फुप्फुस एकदा हवेने फुगवलं आणि एकदा द्रवाने. द्रवाने भरलं की आत हवा आणि पाण्याची सीमाच उरत नाही. तेव्हा फुगवायला लागणारा दाब पुष्कळच कमी झाला. फुप्फुसाची मिटण्याची ओढ निम्म्याहून जास्त त्या सीमेतून येते, त्याच्या धाग्यांतून नाही, असा त्याचा अर्थ. पण हे काम पुढची पंचवीस वर्षं बहुतेकांच्या नजरेआड राहिलं.

मग १९५५. इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन या लष्करी संशोधन केंद्रात रिचर्ड पॅटल फुप्फुसातून निघणाऱ्या फेसाचा अभ्यास करत होते. विषारी वायूने छातीत पाणी झालं की असा फेस येतो, तो मोडायचा कसा हा प्रश्न होता. त्यांच्या लक्षात आलं की या फेसाचे बारीक बुडबुडे मोडतच नाहीत. एवढा लहान बुडबुडा पाण्यात ठेवला तर आतल्या दाबाने हवा पाण्यात विरघळून तो बघता बघता नाहीसा व्हायला हवा. हे मात्र टिकून राहत. पॅटल यांनी निष्कर्ष काढला की या बुडबुड्यांचा पृष्ठताण जवळजवळ शून्य असला पाहिजे.

शून्य? साबणाचं पाणीसुद्धा २५-३० च्या खाली फारसं उतरत नाही. हे कोडं अमेरिकेत मेरीलँडला, तेही लष्कराच्याच प्रयोगशाळेत, जॉन क्लेमेंट्स यांनी १९५७ मध्ये सोडवलं. ती युक्ती सविस्तर सांगायलाच हवी, कारण सगळं तिच्यावर उभं आहे.

फुप्फुसाचा अर्क एका उथळ तबकात घेऊन नुसता मोजला तर आकडा चाळिशीच्या आसपास येतो. पाण्यापेक्षा कमी, पण थक्क व्हावं असं काही नाही. क्लेमेंट्स यांनी तबकावर एक सरकती पट्टी बसवली. पट्टी पुढे ढकलली की पृष्ठभागाचं क्षेत्र कमी होतं, मागे ओढली की वाढतं. म्हणजे तबकानेच श्वास घ्यायचा. आणि हे चालू असताना मोजत राहायचं. पृष्ठभाग ताणलेला असताना आकडा चाळीसच्या वर होता. आवळत नेला तसा तो उतरत उतरत दहाच्या आसपास आला. पुन्हा ताणला, पुन्हा वर. येताना एका वाटेने आणि जाताना दुसऱ्या, त्यामुळे आलेखात वळसा तयार झाला.

म्हणजे या थराचा पृष्ठताण 'किती' या प्रश्नाला एक उत्तरच नाही. स्थिर मोजणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं. कोश मोठा असताना ताण जास्त, कोश लहान झाला की ताण त्याहून वेगाने कमी. त्रिज्या कमी झाल्याने दाब वाढायचा, तो ताण कमी झाल्याने वाढतच नाही, आणि लहान कोश मिटत नाही. साबणाने हे जमणार नाही. साबण ताण कमी करतो खरा, पण पृष्ठभाग आवळला की त्याचे रेणू खालच्या पाण्यात पळतात आणि आकडा होता तिथेच राहतो.

हल्लीचे संशोधक हाच मुद्दा एका अटीत मांडतात. क्षेत्र एक टक्क्याने घटलं तर पृष्ठताण किती उतरतो, यावरून थराचा लवचीकपणा ठरतो. हा लवचीकपणा पृष्ठताणाच्या निम्म्याहून जास्त असेल तर कोश स्थिर, कमी असेल तर मिटणार. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी लाप्लासच्या सूत्राचं त्रिज्येच्या संदर्भात अवकलन करून बघावं. चार ओळींत ही अट हाती येते, आणि स्वतः काढली की विसरत नाही.

सरकत्या पट्टीचं तबक क्लेमेंट्स यांचं नव्हे बरं का. त्याच्या मुळाशी आग्नेस पॉकेल्स आहेत. जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहणारी, १८६२ मध्ये जन्मलेली ही मुलगी. मुलींना तेव्हा तिथे विद्यापीठात प्रवेश नव्हता. आईवडील आजारी, घरचं सगळं तिच्याकडे. भांडी घासताना तेलकट पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ पाण्यापेक्षा वेगळा वागतो हे तिने पाहिलं आणि पत्र्याचं एक लांबट तबक आणि वर सरकवायची पट्टी असं साधन घरीच केलं. पाण्याला टेकवलेलं लहानसं बटण उचलायला किती जोर लागतो, त्यावरून ती ताण मोजायची. अशी दहाएक वर्षं. १८९१ मध्ये धीर करून तिने लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिलं, आणि त्यांनी ते 'नेचर' या नियतकालिकाकडे छापण्यासाठी धाडलं. लँगम्यूर यांनी पुढे हेच तबक सुधारून वापरलं, म्हणून आज ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. पॉकेल्सबाईंचं नाव फार थोड्या पुस्तकांत सापडतं. मला याचा राग येतो, म्हणून इथे मुद्दाम जागा दिली.

हे घरी करून बघता येतं. बर्फी थापायचा चौकोनी ट्रे घ्या, साबणाने घासून भरपूर पाण्याने खळखळून धुवा, साबणाचा अंशही राहता कामा नये. काठोकाठ पाणी भरा. वर पावडर भुरभुरवा. मग शेंगदाण्याच्या तेलात बुडवून नीट पुसलेली काडी एका टोकाला टेकवा. पावडर झपकन दूर पळेल, तेलाचा थर तिला ढकलतो. आता स्टीलची पट्टी ट्रेच्या दोन्ही काठांवर आडवी ठेवून तेलाच्या बाजूने हळूहळू पुढे सरकवा, मागे घ्या. पावडरीची रेघ पुढे-मागे होते ती बघा. पहिल्यांदा बिघडतं. ट्रे तेलकट राहिलेला असतो.

फुप्फुसातला हा थर करतो कोण? कोशाच्या भिंतीत दुसऱ्या प्रकारच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशी असतात, त्या तो बनवून बाहेर सोडतात. डॉक्टर त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. त्यात नऊ हिस्से मेद आणि एक हिस्सा प्रथिनं. मेदातला सगळ्यात मोठा वाटा एकाच रेणूचा, डीपीपीसी. त्याला दोन शेपट्या असतात, दोन्ही सरळ, सोळा-सोळा कार्बनच्या. थंडीत खोबरेल थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल थिजत नाही, हे घरात पाहिलंय ना? सरळ शेपट्यांचे रेणू दाटीवाटीने बसू शकतात, वाकड्यांचे नाही. डीपीपीसी ४१ अंशांना वितळतं. आपलं शरीर ३७ अंशांवर. त्यामुळे श्वास सोडताना थर आवळला की डीपीपीसीचे रेणू खांद्याला खांदा लावून घट्ट उभे राहतात, जवळजवळ थिजतात, पळून जात नाहीत. पाणी झाकलं जातं आणि ताण शून्याकडे जातो.

गर्भात ही पेशी साधारण चोविसाव्या आठवड्यापासून कामाला लागते, पण पुरेसा साठा व्हायला पस्तिसावा उजाडतो. म्हणून सातव्यातल्या बाळाकडे हा थर आठव्यातल्यापेक्षा कमीच असणार. आजीचं वाक्य इथे मोडतं. मेरी एलन एव्हरी या बालरोगतज्ज्ञ बाईंनी क्लेमेंट्स यांचं तबक बघून घेतलं आणि १९५९ मध्ये जेरी मीड यांच्यासोबत निष्कर्ष छापला: श्वास कोंडून दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसाचा अर्क कितीही आवळला तरी ताण हवा तेवढा खाली उतरत नाही. तोवर या आजाराचं खापर कोशांत सापडणाऱ्या काचेसारख्या पापुद्र्यावर फोडलं जायचं. तो पापुद्रा परिणाम होता, मूळ कारण नव्हतं. तिथे जे दिसत होतं त्यापेक्षा जे नव्हतं ते महत्त्वाचं होतं.

कारण कळलं, तरी उपाय मिळायला वीस वर्षं गेली. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक, साडेपाच आठवडे आधी. वजन दोन किलोंच्या थोडं वर. म्हणजे आपल्या हिशोबाने आठव्यातलाच. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं मूल, आणि एकोणचाळीस तासांत गेलं. याच आजाराने.

डीपीपीसी हाच मुख्य रेणू असेल तर त्याचा फवारा बाळाला द्यावा, हे सुचणं साहजिक होतं. साठच्या दशकात तसे प्रयत्न झाले आणि फसले. का फसले, हा या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग. श्वास सोडताना थर घट्ट हवा हे खरं, पण लगेच पुढच्या क्षणी श्वास आत येतो, पृष्ठभाग ताणला जातो, आणि तेव्हा तोच थर पातळ होऊन सेकंदाच्या आत सगळीकडे पसरायला हवा. ४१ अंशांना वितळणारा रेणू ३७ अंशांवर पसरणार कसा? थिजलेलं खोबरेल डोक्यावर ओतून बघा. म्हणून नैसर्गिक थरात वाकड्या शेपट्यांचे मेदही असतात आणि दोन छोटी प्रथिनं असतात, एसपी-बी आणि एसपी-सी. आवळताना जादा मेद पृष्ठभागाखाली दुमडून ठेवायचे आणि ताणताना ते झटकन वर आणून पसरायचे, हे त्यांचं काम. ज्या बाळांमध्ये एसपी-बी जन्मतःच तयार होत नाही, ती दिवस भरलेली असली तरी त्याच आजाराने जातात. एका गुणावर भागत नाही, क्षणाला घट्ट आणि क्षणाला पातळ असे दोन परस्परविरोधी गुण एकाच थरात लागतात.

जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसातून अर्क काढला, त्यात थोडं डीपीपीसी आणि इतर मेद मिसळले आणि दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडला. १९८० मध्ये 'लॅन्सेट' मध्ये ते छापून आलं. काही तासांतच बाळांच्या रक्तातला ऑक्सिजन सुधारला होता. त्याआधी, १९७२ मध्ये, न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी दुसरी वाट दाखवली होती: दिवस भरण्याआधी कळा आल्या तर आईलाच स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे गर्भातल्या त्या पेशी लवकर तयार होतात. आज दोन्ही वापरतात. कळा आल्यावर बाळंतपण एक-दोन दिवस लांबवायचा प्रयत्न डॉक्टर करतात, तो बऱ्याचदा त्या इंजेक्शनला वेळ मिळावा म्हणूनच. आईने १९७४ मध्ये दोन आठवडे पडून काढले होते, ते बाळाच्या भल्याचंच होतं.

त्या बाळाला नेमकं काय झालं हे कागदावर कुठे नाही. पण कण्हणं, बरगड्यांखालचे खड्डे, दुसऱ्या दिवशी जाणं, हे वर्णन पुस्तकातल्या वर्णनाशी जुळतं. माझ्या बहिणीला एकतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली तेव्हा तेच कण्हणं आईने पुन्हा ऐकलं आणि ती मटकन खाली बसली. या खेपेला बाळ काचेच्या पेटीत होतं, आणि डॉक्टरांनी नळीतून दुधासारखं पांढरं औषध आत सोडलं. चहाचे दोन चमचेसुद्धा भरले नसते, एवढंच. भाची आता दहावीला आहे. आईला मी पॉकेल्सबाईंचं तबक आणि पस्तिसाव्या आठवड्याचा हिशोब समजावून सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी पडून राहिले ते बरोबर होतं तर." 

विषय इथे संपत नाही. न्यूमोनियाने किंवा रक्तातल्या जंतुसंसर्गाने मोठ्या माणसाची फुप्फुसं अशीच मिटू लागतात. तिथे हेच औषध दिलं तर फारसा उपयोग झाला नाही, निदान अजून तरी. कारण पुन्हा आंतरपृष्ठाशीच येतं. सूज आली की रक्तातली प्रथिनं, विशेषतः अल्ब्युमिन, कोशात गळतात आणि सर्फॅक्टंटच्या आधी पृष्ठभागावर जागा धरून बसतात. बसमध्ये रुमाल टाकून जागा अडवतात ना, तसं. औषध खाली पाण्यात तरंगत राहतं. शिवाय सुजेमुळे मेदाच्या रेणूंची एकेक शेपटी तुटते, आणि असे एकशेपटी रेणू साबणासारखे वागतात, आवळले की पळतात. मग वरच्या लवचीकपणाच्या अटीत थर नापास होतो. अडवलेली जागा सोडवायची कशी, यावर आज अनेक प्रयोगशाळांत काम चाललंय, आणि तिथली साधनं बघितली तर मध्यभागी तेच दिसतं: एक तबक आणि सरकती पट्टी, नाहीतर सुईच्या टोकाला लोंबणारा, फुगत-आक्रसत राहणारा एक थेंब.

असा लोंबता थेंब आपल्या प्रयोगशाळेतही करता येईल. इंजेक्शनची सिरिंज, मोबाइलचा कॅमेरा आणि थेंबाच्या आकारावरून ताण काढायचं गणित एवढ्यावर भागतं. दुधाच्या थेंबापासून सुरुवात करू, दुधातली प्रथिनंही पृष्ठभागावर जाऊन बसतात. ज्यांना यायचंय त्यांनी शुक्रवारी दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर भेटावं. कला शाखेचे आले तरी चालेल. ट्रे मात्र घरून आणा, घासलेला.